फॅमिलीसोबत गाडीतून कॅम्पिंग: पहिलं सामान कसं निवडायचं आणि ते पावसाळ्यातून कसं टिकवायचं

पुण्या-मुंबईकडचे बरेच जण आता भंडारदऱ्याला, पवना-मुळशीकडे नाहीतर कोकणात कुणाच्या ओळखीच्या वाडीत स्वतःचा टेंट टाकून राहायला लागलेत, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, टेंट कुठला घेऊ? माझ्या मते तो प्रश्न जरा नंतरचा आहे. त्याआधी कुठल्या महिन्यात जाणार, गाडीत किती मावतं आणि परत आल्यावर हे सगळं घरात कुठे वाळवणार नि कुठे ठेवणार हे ठरवा. कारण आपल्याकडे कॅम्पिंगचं सामान वापरून जेवढं खराब होत नाही तेवढं जून ते सप्टेंबर माळ्यावर पडून होतं. महागातला टेंट चांगला न वाळवता माळ्यावर टाकला की दोन पावसाळ्यांत चिकट होऊन वास मारायला लागतो, आणि साधा टेंट नीट सांभाळला तर कितीतरी वर्षं जातो. म्हणून हा लेख अर्धा घ्यायचं काय यावर आणि अर्धा सांभाळायचं कसं यावर आहे.

आधी महिना ठरवा

नवीन लोकांसाठी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ सगळ्यात चांगला. पाऊस नाही, विंचू-किडे त्यातल्या त्यात कमी, आणि थंडी असली तरी घाटावर सांभाळता येईल एवढीच. भंडारदरा, महाबळेश्वर, नाशिककडचा भाग इथे डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी १० अंशांच्या खाली जातो, आणि धरणाच्या काठाला वारा असला की अंगाला त्याहून जास्त गार लागतं. कोकणात किनाऱ्यावर एवढी थंडी नसते पण दव भयंकर पडतं, सकाळी टेंट पावसात भिजल्यासारखा निथळत असतो. एप्रिल-मे मध्ये वळवाचा भरवसा नाही, दुपारी चारपर्यंत स्वच्छ ऊन आणि पाचला वादळ, वीज, गारा सगळं एकदम, तेव्हा लहान मुलं असतील तर पहिला कॅम्प या दिवसांत नको. मे अखेरीला काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गर्दी होते त्यात नवा टेंट घेऊन शिरायचं असेल तर निदान आधी एकदा थंडीत सराव झालेला असू द्या. पावसाळ्यातलं कॅम्पिंग नवख्या फॅमिलीसाठी नाहीच, तेव्हा सरळ होमस्टेत राहा.

जागेबद्दल एकच, पहिल्या वेळेला ज्यांच्याकडे टॉयलेट आहे अशा होमस्टेच्या अंगणात किंवा शेतात परवानगी घेऊन टेंट टाका. घरातल्या बायका आणि मुलं पहिल्या रात्री नीट राहिली तर पुढचं सगळं सोपं होतं. अभयारण्याच्या हद्दीत असाल (भंडारदऱ्याचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो) तर वनखात्याला विचारल्याशिवाय कुठेही टेंट लावू नका.

मग डिकी बघा

टेप घेऊन खरंच मोजा. बलेनोची डिकी ३१८ लिटरची, वॅगनआरची ३४१, म्हणजे ऐकायला बरी आहे पण त्यात चार माणसांचं अंथरूण, टेंट, स्वयंपाकाचं सामान आणि पाण्याचे कॅन गेले की संपली. गाडी सीएनजी असेल तर सिलेंडरने आधीच जागा खाल्लेली असते, ट्विन सिलेंडरवाल्या गाड्यांत थोडी उरते. त्यामुळे सीएनजीवाल्यांनी मोठा उभं राहण्याएवढा फॅमिली टेंट बघायच्या आधी त्याची गुंडाळी किती लांब आणि किती किलोची आहे ते बघा. रूफ कॅरियर लावणार असाल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये छतावर किती वजन चालतं ते दिलेलं असतं, ते वाचा, आणि टपावर हलकं पण जागा खाणारं सामान टाका, मॅट, स्लीपिंग बॅगा वगैरे, तेही ताडपत्रीत बांधून.

अजून एक गोष्ट लोक हमखास विसरतात, सामान भरायच्या आधी स्टेपनीतली हवा बघा. जॅक आणि पाना काढून हाताशी ठेवा, नाहीतर रात्री घाटात पंक्चर झालं की अख्खा संसार रस्त्यावर काढावा लागतो. बारा व्होल्टवर चालणारा हवा भरायचा पंप घेतलात तर तो टायरलाही चालतो आणि योग्य तोंड असेल तर हवेच्या गादीलाही.

आता टेंट

पहिला कॅम्प भाड्याच्या टेंटवर करा असं मी सगळ्यांना सांगते. मित्राकडून आणा, भाड्याने आणा, काहीही करा. एक रात्र झोपून बघितल्यावर आपल्याला काय हवंय ते जेवढं कळतं तेवढं व्हिडिओ बघून कळत नाही.

घ्यायचाच झाला तर दोन थरांचा घ्या. आतला थर जाळीचा किंवा श्वास घेणाऱ्या कापडाचा, आणि वर वेगळी फ्लायशीट. ऑनलाइन खूप स्वस्त एका थराचे टेंट मिळतात, त्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं आणि असतीलही, पण चार माणसं रात्रभर श्वास सोडतात त्याची वाफ त्या गार कापडाला लागून पाणी होते आणि पहाटे तेच अंगावर टपकतं. लोकांना वाटतं टेंट गळतोय. दोन थर असले की हे पाणी फ्लायशीटच्या आतल्या बाजूने खाली ओघळून जातं, फक्त दोन्ही थर एकमेकांना चिकटता कामा नयेत आणि वरच्या खिडक्या, झडपा थंडी असली तरी थोड्या उघड्या ठेवायच्या.

माणसांचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. कंपनी एका माणसाला साधारण ६० सेंटीमीटर रुंदी धरते, म्हणजे ४ माणसांचा टेंट २४० सेंटीमीटर रुंद. आई-बाबा आणि दोन लहान मुलं असतील तर त्यात झोपता येतं, बॅगा गाडीत ठेवायच्या. मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील किंवा आजी सोबत असेल तर ६ माणसांचा घ्या किंवा दोन छोटे घ्या. मला स्वतःला दोन छोटे आवडतात, जागा शोधायला सोपे पडतात, वाऱ्याला टिकतात, घरी गॅलरीत वाळवताही येतात. उंच टेंटमध्ये उभं राहून कपडे बदलता येतात, आजी-आजोबांना वाकावं लागत नाही हे खरं, पण धरणाच्या काठावर रात्री वारा सुटला की तोच सगळ्यात आधी डुलायला लागतो, त्यामुळे तो घेतलात तर त्याच्या सगळ्या दोऱ्या सगळ्या बाजूंनी बांधायच्या, आळस नको.

लेबलवर दोन आकडे बघा, कापड किती पाणी अडवतं ते मिलिमीटरमध्ये सांगणारे. फ्लायशीटला २००० मिलिमीटर असेल तर आपल्या हिवाळ्याला आणि वळवाच्या एखाद्या सरीलाही पुरतं. खालच्या तळाचा आकडा त्याहून जास्त हवा, कारण गुडघा किंवा कोपर टेकला की ओली जमीन दाबून पाणी वर येतं. त्याहून महत्त्वाचं, शिलाईवर आतून पारदर्शक टेप मारलेली आहे का ते बोट फिरवून बघा. कापड कितीही भारी असू दे, पाणी शिलाईच्या भोकातूनच शिरतं. पोल फायबरग्लासचे असतात ते जड पण स्वस्त, अॅल्युमिनियमचे हलके आणि महाग. गाडीने जायचंय तर फायबरग्लास चालतात.

डेकॅथलॉनच्या क्वेचुआचे साधे घुमटाकार टेंट नवख्यांना पुरेसे आहेत, दोघं मिळून पंधरा-वीस मिनिटांत लागतात. त्यांच्याकडे फ्रेश अँड ब्लॅक नावाचं काळ्या अस्तराचं कापडही येतं, त्यात सकाळी सहाला उन्हाने मुलं उठत नाहीत आणि आत तापतंही कमी. जास्त पैसे आहेत तर ते याला द्या, फेकला की उघडणाऱ्या टेंटला द्यायची माझी काही शिफारस नाही, तो लागतो झटकन पण त्याची गुंडाळी मोठ्ठं गोल ताट असते आणि छोट्या गाडीच्या डिकीत ती आडवी-उभी कशीच बसत नाही.

सोबत मिळणाऱ्या मेखा मात्र बदला. आपली घाटावरची जमीन म्हणजे वर दोन बोटं माती आणि खाली मुरूम नाहीतर कातळ, त्यात त्या बारीक तारेच्या मेखा लगेच वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून जाड लोखंडी, सहा-सात इंची मेखा आणा, आठ-दहा पुरतात. कातळावर मेख जाणारच नाही, तिथे दोरी एका बेताच्या दगडाला बांधायची आणि त्याच्या पुढे, टेंटच्या बाजूला, दोरीवर मोठा दगड ठेवायचा म्हणजे ओढ मोठ्या दगडावर येते. वाळूत पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधून ती पिशवी हातभर खोल पुरायची. आणि किनाऱ्यावर टेंट लावताना भरतीची रेघ बघा, जिथे शेवाळ, काटक्या, शिंपले ओळीने पडलेले दिसतात त्याच्या बऱ्याच वर, शक्यतो सुरूच्या बनाच्या बाजूला.

टेंटखाली अंथरायला वेगळी शीट विकत घ्यायची गरज नाही. जुना फ्लेक्स बॅनर मिळवा, छापलेली बाजू खाली. फक्त तो टेंटच्या तळापेक्षा चारही बाजूंनी चार-पाच सेंटीमीटर लहान कापायचा, बाहेर डोकावत राहिला तर फ्लायशीटवरून ओघळलेलं दव आणि पाऊस त्यावर साचतो आणि सरळ तुमच्या पाठीखाली येतो.

अंथरूण

रात्र चांगली जाणार की वाईट हे टेंटपेक्षा अंथरुणावर ठरतं, त्यामुळे पैसे वाटताना इथे हात आखडू नका. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग आपल्या वजनाने दबतो, त्यातली हवा जाते आणि मग तो ऊब देत नाही. म्हणून खाली फोमची मॅट हवीच, योगा मॅट पातळ पडते, दोन एकावर एक टाकल्या तर बरं.

हवेची मोठी गादी घरच्यांना आवडते, पाठीला आराम वाटतो, पण आतली हवा रात्री गार होते आणि ती गादी खालून थंडी द्यायला लागते. तिच्यावर गोधडी किंवा फोम मॅट टाका. आणि पहाटे गादी मऊ पडली म्हणून लगेच पंक्चर समजू नका, हवा गार झाली की आकसते, तेवढंच. उलट सकाळी ऊन आलं की थोडी हवा सोडा, नाहीतर फुगून शिवण सुटते. खरंच पंक्चर असेल तर घरी साबणाचं पाणी फडक्याने लावा, बुडबुडे दिसतात तिथे खूण करा.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात. कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. आपल्या कामाचा आकडा फक्त कम्फर्टचा. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचवण्यापुरता आकडा, त्यात झोप लागेल असं नाही, पण दुकानाच्या जाहिरातीत कधीकधी तोच ठळक असतो. आपल्या सह्याद्रीच्या थंडीला १० अंश कम्फर्टची सिंथेटिक बॅग पुरते, अगदीच गार जागा असेल तर आत स्वेटर, पायमोजे आणि कानटोपी. पिसांच्या बॅगा महाग आणि ओल लागली की ऊब जाते, आपल्या दवाच्या हवेत त्यांचा काही उपयोग नाही. चौकोनी, पूर्ण चेन उघडणारी घ्या म्हणजे ती पांघरुणासारखी पसरता येते आणि दोन एकसारख्या असतील तर चेन जोडून आई आणि बाळ एकत्र झोपतात.

आणि घरात गोधड्या असतील तर स्लीपिंग बॅग घ्यायची घाईच करू नका. गाडी आहे, वजनाचा प्रश्न नाही, आणि आजीने शिवलेली जाड गोधडी खाली एक वर एक असली की ८-१० अंशांत मुलं शांत झोपतात. एकच काळजी, गोधडी ओली झाली की दोन-तीन दिवस वाळत नाही, तेव्हा ती प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत बांधून न्या आणि टेंटच्या कापडाला टेकू देऊ नका.

चूल, भांडी, पाणी

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे कारण इथली चूक झोपमोड करून थांबत नाही.

बहुतेक जण ब्रीफकेससारखी पोर्टेबल शेगडी घेतात, बाजूच्या कप्प्यात उभट ब्यूटेनचा कॅन बसतो तो प्रकार. चहा, मॅगी, खिचडीला उत्तम. २२०-२३० ग्रॅमचा कॅन पूर्ण आचेवर साधारण दीड तास चालतो, म्हणजे चार जणांच्या एका रात्रीच्या कॅम्पला दोन कॅन न्या. आता नीट लक्ष द्या, या शेगडीवर भाकरीचा मोठा तवा किंवा रुंद कढई ठेवायची नाही. भांडं बर्नरच्या बाहेर येऊन कॅनच्या कप्प्यावर पसरलं की तव्याची सगळी धग खाली कॅनवर बसते, कॅन तापतो, आतला दाब वाढतो आणि तो फुटू शकतो. तव्याची कड कप्प्याच्या झाकणापर्यंत येता कामा नये, एवढा साधा नियम. दोन शेगड्या शेजारी-शेजारी लावून त्यावर एक मोठं पातेलंही नको. वाऱ्याला आडोसा म्हणून चारी बाजूंनी पत्रा लावून कोंडू नका, एका बाजूने, कॅनपासून लांब, लावा. स्वयंपाक झाला की कॅन काढून ठेवायचा आणि मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत कधीच नाही, कॅनवर ५० अंशांच्या वर नेऊ नका असं छापलेलं असतं आणि बंद गाडी उन्हात त्याच्या वर सहज जाते.

भाकरी, मटण, मोठा कुकर असा बेत असेल तर ५ किलोचा छोटा एलपीजी सिलेंडर आणि त्याची शेगडी जास्त योग्य. तो गाडीत उभाच न्यायचा, आडवा नाही, हलणार नाही असा बांधून, खिडकी थोडी उघडी, आणि तिथे पोचल्यावर जोडणीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं. स्वयंपाक गाडीपासून आणि टेंटपासून दोन्हीपासून लांब, सीएनजी गाडी असेल तर आणखी लांब.

आणि टेंटच्या आत काहीही पेटवायचं नाही. गॅस नाही, कोळशाची शेगडी नाही, थंडी आहे म्हणून निखाऱ्यांचं घमेलं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपेतच माणूस जातो. चेन थोडी उघडी ठेवली तरी चालत नाही. मुलांना हे निघायच्या आधी सांगा, आणि घरातल्या मोठ्यांनाही सांगा कारण शेगडी आत घ्या असं बऱ्याचदा तेच म्हणतात.

शेकोटी करायची तर मालकाला विचारून, पायाच्या उंच शेगडीत किंवा आधीच्या राखेच्या जागीच. ऑक्टोबरनंतर गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी आणि वणवा. कड्याखाली किंवा मोठ्या झाडाला आग्या मोहोळ दिसलं तर धूर तर नाहीच, सेंट मारून तिथे फिरूही नका, लांबची जागा बघा.

भांड्यांत घरचंच न्या. तीन लिटरचा कुकर, एक पातेलं, एक छोटा तवा, चार ताटल्या, सांडशी. नॉनस्टिकचे कॅम्पिंग सेट दिसायला छान पण लोखंडी पळीने आणि राखेने ते टिकत नाहीत. पाणी पिण्यासाठी माणशी चार-पाच लिटर रोजचं धरा, वर स्वयंपाक आणि धुणं, म्हणजे नळ असलेले २० लिटरचे दोन कॅन. भरलेला एक कॅन म्हणजे २० किलो, तो डिकीत सगळ्यात खाली, मागच्या सीटला टेकून ठेवा. मागच्या काचेजवळच्या फळीवर काहीच ठेवू नका, करकचून ब्रेक मारला की तिथला टॉर्चसुद्धा मुलांच्या डोक्यावर येतो.

आईसबॉक्ससाठी बर्फाचे तुकडे नकोत, एक-दोन लिटरच्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीझरला लावा, त्या हळू वितळतात आणि नंतर पिता येतात. बॉक्सही आदल्या रात्री आतून गार करून ठेवा.

उजेड आणि किरकोळ

प्रत्येकाला डोक्याला लावायचा टॉर्च, मुलांना त्यांचा त्यांचा स्वतंत्र. एक चार्जिंगचा कंदील, पिवळट उजेडाचा, पांढऱ्याला किडे जास्त येतात. कंदील टेंटच्या दाराशी न लावता थोडा लांब लावा. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा म्हणजे अंधारात पोरं अडखळत नाहीत. खुर्च्या आवडतात तर घ्या, नाहीतर सतरंजी आहेच.

टेंटची आतली जाळीची चेन दिवसा आणि रात्री, प्रत्येक वेळी आत-बाहेर करताना, पूर्ण लावायची. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही, बंद चेन हाच त्यावरचा इलाज. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. १०८ नंबर सगळ्यांच्या डोक्यात असू दे, आणि जवळचं मोठं सरकारी हॉस्पिटल कुठलं ते निघायच्या आधी बघून ठेवा.

निघायच्या आधी गच्चीवर

नवीन टेंट सरळ जंगलात उघडायचा नाही. सोसायटीच्या गच्चीवर किंवा बागेत लावून बघा, मेखांच्या जागी पाण्याने भरलेले कॅन बांधा. मग झारीने किंवा पाइपने पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि आत बसून शिलाईवर हात फिरवा, कुठे ओल लागते तिथे खूण करा, सीम सीलर (शिलाईची भोकं बुजवायचा चिकट लेप) लावा किंवा टेंट बदलून घ्या, बिल ताजं असताना बदलून मिळतो. त्याच दिवशी मुलांना पोल जोडायला शिकवा. पोल कापडातून ढकलायचा असतो, ओढायचा नाही, ओढला की सांधे सुटतात. घडी करताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करा म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण येतो आणि ते लवकर ढिलं पडत नाही.

परत आल्यावर

इथून पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि टेंटचं सगळं आयुष्य यावर आहे. सकाळी निघायच्या घाईत टेंट ओला गुंडाळावा लागतो, दवामुळे बहुतेक वेळा लागतोच, त्याला इलाज नाही, पण घरी आल्यावर त्याच दिवशी उघडायचा. उद्यावर ढकलू नका. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर फ्लायशीट कपड्यांच्या दोरीवर, आतला टेंट दाराच्या दोन पल्ल्यांवर, फॅन चालू, दोन-तीन तासांनी उलटायचं. हाताला कोरडा लागला तरी कोपरे, चेनच्या पट्ट्या आणि दोऱ्यांच्या गाठी चाचपून बघा, ओल तिथेच राहते. कडक उन्हात दिवसभर टांगून ठेवू नका, उन्हाने कापड कुजतं, सावलीत वारा असेल तिथे टांगा.

असं का, ते सांगते. फ्लायशीटच्या आतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो, पाणी अडवतो तो तोच. उष्ण दमट हवेत पाण्याच्या वाफेने हा लेप हळूहळू तुटत जातो, आधी आंबूस वास येतो, मग हात लावला की चिकटतं, मग त्याचे पोपडे निघतात. चिकट झालेला टेंट परत पहिल्यासारखा होत नाही. कंपनीच्या तंग पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवला तर आतली ओल आतच राहते आणि हे सगळं लवकर होतं.

धुवायचा झाला तर मशीन नाही, कपड्यांची पावडर नाही. बाथरूममध्ये बादलीत साधं पाणी, लोकरीच्या कपड्यांचा सौम्य लिक्विड थोडासा, मऊ स्पंज, आणि भरपूर पाण्याने खळबळून. काळे बुरशीचे ठिपके आले असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, बुरशी मरते, डाग मात्र राहतात. ब्लीच नको. कोकणातून आलात तर खाऱ्या हवेमुळे सगळंच गोड्या पाण्यातून काढा, मेखा पुसून त्यांना तेलाचा हात द्या, चेनमधली वाळू जुन्या टूथब्रशने काढा आणि मग कोरड्या चेनवर मेणबत्ती घासा. चेन लावूनही मागून उघडत असेल तर बहुतेक वेळा दात चांगले असतात आणि सरकणारा तुकडा सैल झालेला असतो, पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी किंचित दाबा, जोर लावला तर तो तुकडा मोडेल.

फायबरग्लासच्या पोलवरून उघडा हात फिरवू नका, तडा गेला असेल तर काचेची कुसळं हातात जातात. तडा दिसला की टेप गुंडाळा आणि तेवढाच तुकडा बदलून आणा, पूर्ण सेट लागत नाही. छोट्या भोकाला चिकटपट्टीचं ठिगळ लावताना जागा स्पिरिटने पुसा आणि ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपऱ्यापासून ते सुटायला लागतं. स्लीपिंग बॅग प्रत्येक वेळी धुवायची गरज नाही, उलटी करून वाऱ्यावर टाका. शेगडीचा बर्नर टोकदार सुईने नको, ब्रशने साफ करा. लोखंडी तव्याला धुऊन, गॅसवर वाळवून, खोबरेल तेलाचा हात. आईसबॉक्स खाण्याच्या सोड्याने धुऊन झाकण उघडं ठेवून ठेवायचा.

पावसाळ्याची तयारी

मे च्या शेवटच्या आठवड्यात, पहिला पाऊस पडायच्या आधी, सगळं एकदा बाहेर काढा. टेंट, मॅट, बॅगा सावलीत दिवसभर वाळवा. मग टेंट कंपनीच्या पिशवीत न घालता जुन्या चादरीच्या किंवा सुती साडीच्या मोठ्या पिशवीत सैल कोंबा, खरंच कोंबा, दरवेळी त्याच घड्या पडल्या तर घडीवर लेप तडकतो. स्लीपिंग बॅगाही सैल, उशीच्या अभ्र्यात. भिंतीला ओल येते त्या बाजूच्या माळ्यावर नको, लोखंडी कपाटात किंवा पलंगाच्या बॉक्समध्ये वरच्या बाजूला. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर चांगलं, डांबरगोळ्या नकोत, तो वास जात नाही आणि त्यात मुलं झोपायची असतात. खाऊचा एक कणही टेंटमध्ये राहू देऊ नका, उंदीर कापड कुरतडून आत शिरतात. टॉर्चमधले सेल काढून ठेवा, ते गळून आतले पत्रे खातात. चार्जिंगच्या दिव्यांची बॅटरी अर्धी भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. गॅसचे कॅन कोरड्या, हवेशीर जागी, गंज चढलेला कॅन वापरायचा नाही.

श्रावणात ऊन पडायला लागलं की नारळी पौर्णिमेच्या आसपास एका कोरड्या दुपारी पिशव्या उघडून सगळं तासभर हवेशीर करा. मुंबई आणि कोकणात राहणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये.

मग सीझनची तपासणी कोजागरीला. तसंही दूध आटवायला गच्चीवर जमतोच, त्याच रात्री टेंट लावा आणि पोर्टेबल शेगडीवर, टेंटपासून लांब, दूध ठेवा. फ्लायशीटच्या आतून हात फिरवून चिकट लागतं का, चेन सगळ्या चालतात का, पोलमधलं इलॅस्टिक ताणून परत येतं का, मेखा आणि दोऱ्या मोजून आहेत का, हवेची गादी रात्रभर टिकते का, हे सगळं तेव्हाच बघून घ्या. शेगडीचा कॅन जिथे बसतो तिथलं रबरी वॉशर बोटाने दाबा, कडक झालं असेल किंवा चिरा दिसत असतील तर ती शेगडी त्या रात्री पेटवू नका, वॉशर बदलून मग वापरा.